बुश फिरत नाही, पिळला जातो

नागपूरच्या लकडगंजात आरा मशिनींपुढून जुनी मारुती ८०० चालवली, की तिची तब्येत कानांनीच कळते. सिमेंट रस्त्याचा सांधा आला, लाकडाच्या ट्रकांनी खचवलेली कड आली, की पुढच्या चाकापाशी ‘टक्’. पहिला संशय जातो शॉकअपवर. मिस्त्री मात्र गाडी चार हात पुढे ढकलायला लावतो, गचकन ब्रेक मारायला सांगतो आणि म्हणतो, “शॉकअप चांगले आहेत ना जी, बुश गेले.” बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघतं.

नागपुरात त्यातल्या त्यात तरुण ८०० सापडते, त्यालाही कारण आहे. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या तेरा शहरांत भारत स्टेज-४ चे नियम लागू झाले, तेव्हा तिथे या गाडीची विक्री थांबली. मुंबई, पुणे, सोलापूर त्या यादीत होते, नागपूर नव्हतं. गाडीचं उत्पादन बंद झालं ते थेट जानेवारी २०१४ मध्ये. पण त्या शेवटच्या गाड्यांचं रबरही आता दहा वर्षांपलीकडे गेलंय.

बुश म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन लोखंडी नळ्या आणि मधल्या जागेत चिकटवून भरलेलं रबर. बाहेरची नळी चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या भोकात घट्ट ठोकलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि ती बॉडीच्या बाजूला आवळून पक्की होते. म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी बांधलेल्या. चाक वरखाली झालं की फिरायला मोकळं असं काहीच उरत नाही. मधलं रबर पिळलं जातं आणि चाक जागेवर आलं की परत सुटतं. बिजागरीसारखा बुश फिरतो, अशी अनेकांची समजूत असते आणि तिथेच घरी केलेलं काम फसतं. ते पुढे येईलच.

रबराचे शत्रू तीन: उष्णता, हवेतला ओझोन आणि तेल. तापमान दहा अंशांनी वाढलं की रबर म्हातारं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेल्या शहरात तो फार काही सांगून जातो. त्यात इंजिनाचं तेल गळत असेल तर रबर फुगून लिबलिबीत होतं.

८०० मध्ये पुढे दोन ठिकाणचे बुश बघायचे. एक आर्मच्या बॉडीकडच्या टोकाचा. दुसरे स्टॅबिलायझर बारचे. या गाडीत हा बार दुहेरी नोकरी करतो: वळणावर गाडीला फार कलू देत नाही आणि आर्मलाही मागे-पुढे सरकू देत नाही. म्हणून ब्रेक मारताना आवाज आला, की आधी बारच्या टोकाचे बुश तपासावेत. आर्म आणि बॉडीच्या फटीत लांब लोखंडी पट्टी घालून हलकेच उचकून पाहा. थोडं दबून परत आलं तर ठीक. धातूवर धातू वाजला किंवा रबर नळीपासून सुटलेलं दिसलं, तर बुश गेला. वरवरच्या बारीक भेगांना घाबरू नये, त्या वयाच्या असतात. चाक उचलून ते वरून-खालून धरून हलवूनही बघा; तिथे खेळ लागला तर दुखणं बॉल जॉइंटचं किंवा बेअरिंगचं असू शकतं आणि नवे बुश टाकूनही आवाज राहील.

आता काम. जागा सपाट हवी. मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा आणि मग उचला. जॅक फक्त उचलण्यासाठी; गाडी स्टँडवर ठेवल्याशिवाय हातसुद्धा खाली घालू नये. स्टँड नसेल तर लकडगंजातला माणूस नशीबवान. आरा मशिनीवर जाड, सपाट, न चिरलेले तुकडे मिळतात. ते दोन आडवे, दोन उभे असे चौकटीने रचले की भक्कम आधार होतो. लाकूड मोडण्याआधी करकरतं, दबतं, इशारा देतं. वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक काहीही न सांगता फुटतो, म्हणून तो वापरायचाच नाही.

चाक काढल्यावर सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून चहा घ्या, घाईने पाना घसरून नटाचे कोपरे झिजवू नका. बारच्या टोकाचे वॉशर कुठल्या तोंडाने बसलेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग बारचा नट, बॉल जॉइंट धरून ठेवणारा बोल्ट आणि शेवटी बॉडीकडचा बोल्ट. आर्म हातात येतो. शॉकअपच्या माथ्यावरच्या मधल्या नटाला मात्र अजिबात हात लावू नका. दाबलेली स्प्रिंग त्यानेच रोखून धरलेली असते आणि या कामात तिचा संबंधही नाही.

जुना बुश काढणं हा सगळ्यात वैतागाचा भाग. काही जण रबर जाळतात. धूर विषारी असतो, आर्मचा रंग उडून पुढे गंज चढतो तो वेगळाच. घरी व्हाइस असेल तर बाहेरच्या नळीपेक्षा थोडं मोठं पाइपचं टोक एका बाजूला आणि थोडा लहान सॉकेट दुसऱ्या बाजूला ठेवून दाबत जायचं. बुश अडलाच तर रबर कोरून, हॅक्सॉच्या पात्याने बाहेरची नळी आतून चिरायची, पण आर्मच्या भोकाला चरा पडू न देता. माझं मत विचाराल तर इथे हट्ट करू नये. लकडगंजच्या स्मॉल फॅक्टरी एरियाच्या बाजूला एखादा प्रेसवाला गाठावा. पाच मिनिटांचं काम असतं. कंपनीचा आर्म बुशसकट मिळत असेल तर तोच घ्यावा.

नवा बुश बसवताना भोक पॉलिश पेपरने साफ करा आणि जोर नेहमी बाहेरच्या नळीवर द्या. आतल्या नळीवर दिलात तर नवंकोरं रबर तिथेच सुटेल. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला हमखास मिळतो. त्यात तथ्य आहे, पण किती? ४० मिलिमीटर व्यासाची लोखंडी नळी पन्नास अंशांनी थंड झाली तर जेमतेम दोन शतांश मिलिमीटर आकसते. मदत होते, जादू होत नाही. ओलावा म्हणून साबणाचं पाणी चालेल. ग्रीस नको, ती रबर खाते.

आता ती फसण्याची जागा. आर्म परत लावताना बॉल जॉइंटचा बोल्ट लगेच पूर्ण आवळा. बॉडीकडचा बोल्ट आणि बारचे नट मात्र फक्त हातपुरते ठेवा. गाडी उचललेली असताना चाक खाली लोंबतं. त्या अवस्थेत बोल्ट आवळला, तर रबराला लोंबता आर्म हीच आपली सरळ स्थिती वाटते. गाडी खाली टेकली, की पुढच्या एकेका चाकावर सुमारे दोनशे किलो येतात, आर्म वर जातो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. खड्ड्यात ते आणखी पिळतं. असा बुश वर्षभरात फाटतो आणि दोष नकली मालावर जातो.

म्हणून चाकं लावून गाडी रुंद फळ्यांवर उतरवा, म्हणजे खाली हात शिरेल. पुढून दोन-तीनदा दाबून सोडा, थोडी मागे-पुढे ढकला, पुन्हा ठोकळे लावा आणि मगच, पूर्ण वजन चाकांवर असताना, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. खिळपिनी आणि नायलॉनचे नट नवेच वापरा.

दोन्ही बाजू एकदमच बदलाव्यात, नाहीतर गाडी एका अंगाला ओढत राहते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. बुश बदलण्याआधी केलेलं अलाइनमेंट वाया गेलं असं धरून चाला. पाचेकशे किलोमीटर झाले की गाडी न उचलता बोल्टांवर एकदा पाना फिरवून बघा आणि पुढच्या टायरांच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. तिथली झीज थांबली असेल तर काम बसलं.