हेल्मेटची जन्मकुंडली

दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी ‘एम-१’ हेल्मेट हातात आलं की आधी लोहचुंबक लावावा. अस्सल कवच हॅडफिल्डच्या मँगनीज पोलादाचं असतं, त्याला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. खटकन चिकटला, तर बहुधा युरोपात नंतर बनलेली नक्कल समजावी.

मग हनुवटीचा पट्टा अडकवायच्या कड्या पाहाव्यात. सुरुवातीला त्या कवचाला पक्क्या जोडलेल्या असत. हेल्मेट आपटलं, कुणी त्यावर बसलं, की तुटत. म्हणून 1943 मध्ये बिजागरीसारख्या हलणाऱ्या कड्या आल्या. कडेच्या पट्टीचा सांधाही बघावा: आधी तो पुढे असे, 1944 च्या अखेरीस मागे गेला. आतल्या बाजूला, कपाळाजवळ, पोलादाच्या खेपेचा आकडा ठोकलेला असतो. रंगाच्या थरांखाली तो बुजतो. तिरपा उजेड टाकला की उमटतो. शेजारी ‘एस’ असेल तर कवच श्ल्यूटर कंपनीचं. बहुतेक कवचं मात्र मॅकॉर्डची.

पट्ट्यावर मात्र फार भिस्त नको. युद्धानंतर हजारो हेल्मेटं पुन्हा रंगवून, नवे पट्टे लावून वापरात आली. आत खरडलेल्या सैनिकाच्या नावावर तर त्याहूनही कमी. ते काय, कालही लिहिता येतं, आणि त्यानेच किंमत वाढते!