लेक्तिओ दिविना

बायबलमधील एखादा लहान उतारा संथपणे व पुनःपुन्हा वाचून त्यावर मनन करणे, त्या मननातून प्रार्थनेकडे वळणे आणि अखेरीस ईश्वराच्या सान्निध्यात निःशब्द स्थिर राहणे, अशी ही ख्रिस्ती साधनापद्धती आहे. लॅटिन संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘दिव्य वाचन’ असा होतो. तिचा उगम प्राचीन मठजीवनात असला, तरी आज ती मठांबाहेरील सर्वसामान्य श्रद्धावंतांतही रूढ झाली आहे. शास्त्रवचनांचे ज्ञान, कृतज्ञता व अंतःशांती या तीन गोष्टी एकमेकींपासून अलग करून साधता येत नाहीत, ही तिच्यामागील मूळ धारणा होय.

या धारणेचा आधार नव्या करारात मिळतो. पौलाच्या नावे असलेल्या कलस्सैकरांस पत्रात (३:१५–१६) या तिन्ही गोष्टी लागोपाठ आल्या आहेत : ख्रिस्ताच्या शांतीने अंतःकरणात अधिकार चालवावा, वाचकांनी कृतज्ञ असावे व ख्रिस्ताच्या वचनाने त्यांच्या ठायी विपुलतेने वास करावा. ‘अधिकार चालविणे’ याअर्थी तेथे जे ग्रीक क्रियापद आहे, ते मूळचे क्रीडास्पर्धेतील पंचाच्या कामाचे आहे. म्हणजे शांती ही येथे केवळ एक सुखद मनोवस्था नसून निर्णय करणारी शक्ती मानली आहे. शिवाय हा उपदेश अनेकवचनी असून एका समुदायाला उद्देशून आहे. ती शांती माणसामाणसांतील संबंधांतही दिसावी लागते. फिलिप्पैकरांस पत्र पौलाने बंदिवासात असताना लिहिले. त्यात (४:६–७) चिंता न करता आपली मागणी आभारप्रदर्शनासह देवापुढे मांडावी, म्हणजे बुद्धीला न आकळणारी शांती अंतःकरणाचे रक्षण करील, असे म्हटले आहे. आभार हे मागणी पूर्ण झाल्यानंतरचे नसून मागणीबरोबरचेच आहेत, ही बाब लक्षणीय आहे.

अलेक्झांड्रियाचा धर्मपंडित ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) याने आपल्या एका शिष्यास लिहिलेल्या पत्रात ‘दिव्य वाचन’ या अर्थाचा ग्रीक शब्दप्रयोग आढळतो. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी या वाचनाला दिनक्रमाचे रूप दिले. पाकोमिअसच्या मठांत प्रवेश घेणाऱ्या निरक्षरास वाचावयास शिकवीत, व स्तोत्रसंहिता आणि नवा करार मुखोद्गत करणे प्रत्येकाकडून अपेक्षित असे. हस्तलिखिते महाग व विरळ होती, हे या पाठांतराचे एक व्यावहारिक कारण. परंतु टोपल्या विणीत असताना, चालताना वा रात्री जागे असताना वचन ओठांवर असावे, हा मुख्य हेतू होता. जॉन कॅसिअन (सु. ३६०–सु. ४३५) याने नोंदविले आहे, की पाठ करताना ज्याचा अर्थ उमगत नाही असे वचन पुढे रात्रीच्या निवांतपणी आपोआप उलगडते. सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभीचा साहाय्याचा धावा भीती, अहंकार, आळस अशा कोणत्याही प्रसंगी अखंड म्हणत राहावा, असेही त्याने सुचविले.

हे तपस्वी मनाच्या अस्वस्थतेविषयी अत्यंत वास्तवनिष्ठ होते. इव्हॅग्रिअस पाँटिकस (सु. ३४५–९९) याने आठ दुर्विचारांचे वर्गीकरण केले. त्यांपैकी ‘अकेडिया’ म्हणजे साधनेचा उबग आणणारी मरगळ. हिला ‘माध्यान्हीचा सैतान’ असेही म्हणत. या मरगळीने ग्रासलेल्या वाचकाचे त्याने केलेले वर्णन मोठे मार्मिक आहे : तो जांभया देतो, डोळे चोळतो, पुस्तकावरून नजर काढून भिंतीकडे पाहतो, किती पाने उरली ते मोजतो व शेवटी पुस्तक मिटून उशाला घेऊन झोपी जातो. इव्हॅग्रिअसने यावर सांगितलेला उपायही वाचनातूनच येतो. प्रत्येक दुर्विचारास प्रत्युत्तर म्हणून योजावयाची बायबलमधील सुमारे पाचशे वचने त्याने एका ग्रंथात संकलित केली.

पश्चिम यूरोपात या पद्धतीस स्थैर्य आले ते सेंट बेनेडिक्ट (सु. ४८०–सु. ५४७) याच्या नियमावलीमुळे. तिच्या ४८ व्या प्रकरणात शारीरिक श्रम व दिव्य वाचन यांच्या वेळा ऋतुमानानुसार ठरवून दिल्या आहेत. वाचनास दररोज साधारणपणे दोन ते तीन तास मिळत. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकास एक ग्रंथ दिला जाई व तो क्रमाने पूर्ण वाचावा लागे. वाचनाच्या वेळी एकदोन ज्येष्ठ मठवासी फेरी मारून कोणी गप्पा मारीत वा झोपा काढीत नाही ना, हे पाहत. आदर्श जीवनातही देखरेख लागते, याची ही प्रांजळ कबुलीच म्हणावी लागेल. वाचन बहुधा ओठ हलवून, हलक्या आवाजात होत असे. या पुटपुटण्याला ‘रवंथ’ या अर्थाचा लॅटिन शब्द रूढ झाला. गाय जसे गिळलेले पुन्हा तोंडात आणून चघळते, तसे वाचलेले वचन दिवसभर मनात घोळवावयाचे, ही कल्पना मध्ययुगीन लेखकांनी वारंवार वापरली आहे.

बाराव्या शतकात कार्थूझियन संघाच्या ग्रांद शार्त्रझ या मठाचा प्रमुख दुसरा गीगो याने मठवासीयांची शिडी या छोट्या प्रबंधात वाचन, मनन, प्रार्थना व चिंतन अशा चार पायऱ्या मांडल्या. पुढे बराच काळ हा प्रबंध ऑगस्टीन किंवा बर्नर्ड यांच्या नावावर खपत होता. गीगोच्या रूपकानुसार वाचन अन्नाचा घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थना त्याची चव मिळविते आणि चिंतन म्हणजे ती गोडी स्वतःच. अंतःकरण शुद्ध असलेल्यांविषयीचे येशूचे वचन घेऊन त्याने ही क्रिया उदाहरणाने दाखविली आहे. पहिल्या दोन पायऱ्या मनुष्याच्या प्रयत्नाच्या असल्या, तरी अखेरची मात्र देणगी आहे. ती ओढून आणता येत नाही. साधकाच्या बाजूने कृतज्ञतेला स्थान मिळते ते येथेच. शांती ही कमाई नसल्यामुळे तिचा गर्व करता येत नाही. तिचे आभारच मानावयाचे असतात.

कृतज्ञतेचा हा धागा ज्यू उपासनेतील ईशस्तवनापर्यंत मागे जातो. ख्रिस्ती धर्मातील केंद्रवर्ती विधीचे ग्रीक नाव ‘यूखरिस्तिआ’ हेच मुळी ‘आभार’ या अर्थाचे आहे. तथापि ख्रिस्ती कृतज्ञता म्हणजे दुःख झाकून ठेवणे नव्हे. मठवासी नित्य गात असलेल्या स्तोत्रसंहितेत विलापस्तोत्रांची संख्या सुमारे एक तृतीयांश आहे. त्यांतील बहुतेक स्तोत्रे, उदा., बाविसावे, तक्रारीकडून स्तुतीकडे वळतात. पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखानेच संपते. ते वगळण्याची मुभा वाचकाला नव्हती. कृतज्ञतेची रोजनिशी ठेवण्याचा जो सल्ला आधुनिक मानसशास्त्रात दिला जातो, त्याहून ही परंपरा भिन्न आहे, ती या विलापामुळे व आभार स्वीकारणारा कोणी समोर आहे या श्रद्धेमुळे. इग्नेशिअस लॉयोला (१४९१–१५५६) याने आत्मिक साधना (१५४८) या ग्रंथात दैनंदिन आत्मपरीक्षणाची पाच अंगे सांगितली. त्यांत स्वतःचे दोष शोधण्यापूर्वी मिळालेल्या उपकारांबद्दल आभार मानावयाचे आहेत. हा क्रम उलटल्यास आत्मपरीक्षणाचे रूपांतर आत्मपीडनात होण्याचा धोका असतो.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये अंतःशांतीला ‘हेसिकिआ’ म्हणतात. येशूच्या नावाने केलेली एक छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत अखंड म्हणणे, हे तिचे साधन. चौदाव्या शतकात या साधनेवर आक्षेप घेतले गेले असता ग्रेगरी पालामास याने तिचे समर्थन केले. या परंपरेतील लेखनाचा फिलोकालिया हा संग्रह १७८२ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला.

पश्चिमेत विद्यापीठांच्या उदयानंतर शास्त्रवाचनाला प्रश्न व वादविवाद यांचे वळण लागले, आणि अभ्यास व प्रार्थना यांची फारकत होत गेली. धर्मसुधारणेने बायबल लोकभाषांत घरोघर नेले. मार्टिन ल्यूथरने १५३९ मध्ये धर्मज्ञानाचा मार्ग म्हणून प्रार्थना, मनन व कसोटी ही त्रयी सांगितली. चिंतनाच्या जागी त्याने संकटातील कसोटी ठेवली, हे अर्थपूर्ण आहे. हेर्नहूट येथील मोरेव्हियन समाजाने १७२८ पासून दररोज एक वचन देण्याची प्रथा सुरू केली व ती वचने १७३१ पासून छापील स्वरूपात निघू लागली. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सर्व श्रद्धावंतांना बायबल वाचण्याचे आवाहन केल्यावर लेक्तिओ दिविनाचे पुनरुज्जीवन झाले. मिलानचे आर्चबिशप कार्लो मारीआ मार्तीनी यांनी १९८० पासून तेथील कॅथीड्रलमध्ये तरुणांसाठी हे वाचन सुरू केले. सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० मध्ये गीगोच्या चार पायऱ्यांना कृतीची जोड दिली व केवळ व्यक्तिगत अर्थ काढण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध इशाराही दिला. तो अनाठायी नाही. संदर्भापासून तोडलेले वचन वाचकाला त्याच्याच इच्छांचा प्रतिध्वनी ऐकवू शकते.

श्रवण, मनन व निदिध्यासन या उपनिषदांतील क्रमाशी या पायऱ्यांचे साम्य मराठी वाचकास सहज जाणवेल. मात्र तेथील लक्ष्य आत्मज्ञान, तर येथील एका वैयक्तिक ईश्वराशी संवाद, हा भेद विसरता येत नाही. मराठीत शास्त्रकथा प्रथम रुजली ती वाचनापेक्षा श्रवणातून. फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी ते रचले होते व चर्चमध्ये मोठ्याने वाचले जाई. रेव्ह. ना. वा. टिळकांनी अभंगाचा व लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे पूर्ण केलेल्या ख्रिस्तायनाने आख्यानकाव्याचा मार्ग धरला. पंडिता रमाबाईंनी अल्पशिक्षित स्त्रियांनाही स्वतः वाचता यावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून तो बाहेर पडला. त्याच्या छपाईच्या कामात मिशनमधील स्त्रियांचा मोठा वाटा होता.