मोटारसायकलचे हँडल : ऐट आणि आराम

मोटारसायकलच्या एखाद्या गॅरेजासमोर थोडा वेळ उभे राहा. कंपनीचे हँडल काढून दुसरेच बसवलेली एखादी तरी गाडी दृष्टीस पडेल. कोणाचे हँडल इतके खाली, की स्वार टाकीवर पालथा पडल्यासारखा दिसावा. कोणाचे इतके उंच, की दोन्ही हात वर करून तो शरण येत आहे असे वाटावे! पहिला प्रकार शर्यतीच्या गाड्यांवरून आला. १९५० व १९६० च्या दशकांत इंग्लंडमधील तरुणांनी रोजच्या गाड्यांना अशी ठेंगणी हँडले लावली. त्या गाड्यांना 'कॅफे रेसर' म्हणतात. दुसरा प्रकार अमेरिकेतला. त्याचे नावच 'एप हँगर', म्हणजे वानर फांदीला लोंबकळते तसा! दोन्हींत ऐट आहे यात शंका नाही. पण तासभर गाडी चालवल्यावर मनगटे आणि कंबर काय म्हणतात, हे ऐटीवर अवलंबून नसते. ते ठरते बलांच्या हिशेबाने, आणि तो हिशेब तुम्हांला शाळेतल्या गणितानेही करता येईल.

समजा, स्वाराचे वजन ६० किलोग्रॅम आहे. कमरेच्या वरचा भाग, म्हणजे धड, डोके व हात मिळून, सुमारे ४० किलोग्रॅम भरेल. स्वार ताठ बसला असेल तर हे वजन सरळ बैठकीवर उतरते. तो पुढे झुकला की गुरुत्वमध्य कमरेच्या पुढे जातो आणि धड पुढे पडू पाहते. त्याला मागे रेटणारे एक बल मात्र फुकट मिळते. ते म्हणजे वारा. वाऱ्याचे बल गुरुत्वमध्याशीच लागते असे धरले, तर तोल साधायला ते शरीराच्या या भागाचे वजन गुणिले झुकण्याच्या कोनाचा टॅन्जन्ट इतके हवे. (कमरेभोवती दोन्ही बलांची आघूर्णे मांडून पाहा, गुरुत्वमध्याचे कमरेपासूनचे अंतर दोन्हीकडून निघून जाते.) ४० किलोग्रॅमचे वजन सुमारे ३९२ न्यूटन. १५ अंश झुकल्यास १०५ न्यूटन हवेत, ३० अंश झुकल्यास २२६.

वारा देतो किती? छातीचे क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर धरले आणि हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला (सेकंदाला १० मीटर) ढोबळमानाने २४ न्यूटन. हे बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून ताशी ७२ किलोमीटरला ते चौपट, ९६ न्यूटन होते.

आता आकडे शेजारी ठेवा. १५ अंश झुकलेल्या स्वाराला ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास वारा जवळजवळ पूर्ण तोलून धरतो. हात नुसते हँडलावर टेकलेले असतात. ३० अंश झुकलेल्याला हेच सुख मिळायला ताशी ११० किलोमीटर वेग लागेल. तोच स्वार शहराच्या गर्दीत ताशी ३६ ने चालला, तर हव्या त्या बलाचा जेमतेम नववा हिस्सा वारा देतो. बाकीचा भार मनगटांवर आणि पाठीच्या स्नायूंवर! ठेंगणे हँडल वाईट नाही. ते एका विशिष्ट वेगासाठी आहे इतकेच. म्हणून हँडल निवडणाऱ्याने आरशात पाहण्याआधी स्वतःला विचारावे, की आपण बहुतेक वेळ कोणत्या वेगाने जातो? पुणे किंवा ठाणे शहरात रोज कामाला जाणाऱ्याने शर्यतीचे हँडल लावावे, हे मला तरी पटत नाही. शिवाय शर्यतीच्या गाडीत पाय ठेवायचे दांडेही मागे असतात. ते जागीच ठेवून नुसते हँडल खाली नेले तर अवघडलेपणात भरच पडते.

ताठ बसणाऱ्याचे उलट आहे. शहरात तो मजेत असतो, पण महामार्गावर ताशी ७२ ला तेच ९६ न्यूटन त्याला मागे ढकलतात आणि हात सतत हँडल ओढत राहतात. एप हँगरमध्ये आणखी एक भानगड आहे. हात हृदयाच्या ३० सेंटिमीटर वर असतील, तर तितक्या उंचीच्या रक्तस्तंभामुळे हातातील रक्तदाब सुमारे २३ मिलिमीटर पाऱ्याने कमी होतो. वर्गात बराच वेळ हात वर ठेवून बसलेल्याला हे सांगायला नको!

रुंदीचा प्रश्न सोपा आहे. हँडल म्हणजे तरफच. ६० सेंटिमीटर रुंद हँडलाऐवजी ८० चे घेतले, तर वळवायला तीनचतुर्थांश बल पुरते. खडबडीत रस्त्यावर हे उपयोगी पडते. अरुंद बोळात मात्र टोके अडतात. परवाना मिळायला अवकाश असलेल्यांनी सायकलचे हँडल आधी टोकांशी आणि मग मध्याजवळ धरून, उभ्या सायकलीवरच, फरक अनुभवावा.

कंपनांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर गाडीला सेकंदाला ५० हिसके बसतात. हँडलाच्या नळीचीही स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते. दोन्ही जुळल्या की अनुस्पंदन होते आणि हातांना मुंग्या येतात. नवी नळी लांब घेतली की ही वारंवारता उतरते, म्हणून पूर्वी शांत असलेली गाडी नव्या हँडलाने थरथरू शकते. टेबलाच्या कडेबाहेर पट्टी धरून छेडा, मग तिच्या टोकाला मातीचा गोळा चिकटवून पुन्हा छेडा. कंपने संथ झालेली दिसतील. हँडलाच्या टोकांना जड तुकडे बसवतात ते याचसाठी.

नळीची जाडीही पाहावी लागते. पुष्कळ गाड्यांत ती २२ मिलिमीटर असते, काहींत २५.४. पकडीत न बसणारी नळी पत्र्याचा तुकडा घालून आवळणे म्हणजे जिवाशी खेळ. कायद्याचेही बंधन आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. तेव्हा पैसे खर्चण्याआधी आरटीओत विचारून घेतलेले बरे.

हँडल उंच केले की क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबली अपुऱ्या पडतात. तपासणी सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन मंद चालू करावे आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. आवाज कोठेही चढला, तर केबल ताणली जात आहे असे समजावे. अशी गाडी वळणावर आपणहून वेग घेते; लांब केबल बसवल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नये. ठेंगण्या हँडलाची तपासणी करताना अंगठ्यावर लक्ष ठेवावे, कारण पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकी यांच्यामध्ये तोच सापडतो.