तेल आणि पाणी वेगळं न होऊ देणारा साबणाचा भाऊबंद: मायक्रोइमल्शन म्हणजे काय?

बाटलीत तेल आणि पाणी घालून हलवलं, तर पांढुरकं मिश्रण तयार होतं आणि थोड्याच वेळात दोन्ही पुन्हा वेगळी होतात. मायक्रोइमल्शन मात्र पारदर्शक दिसतं, जवळजवळ आपोआप तयार होतं आणि तापमान व घटकांचं प्रमाण कायम राहिलं, तर वेगळं होत नाही. ही किमया सर्फॅक्टंटची.

सर्फॅक्टंट काय करतो?

साबणासारख्या या पदार्थाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं, शेपूट तेलाकडे. त्यामुळे हे रेणू दोघांच्या सीमेवर दाटीने उभे राहतात आणि तिथला ताण हजारो पटींनी कमी होऊ शकतो. ताण जवळपास संपला, की तेलाचे बारीक थेंब होणं सोपं जातं. हे थेंब साधारण 10 ते 100 नॅनोमीटरचे असतात. दुधातले स्निग्ध कण याहून बरेच मोठे असतात आणि प्रकाश विखुरतात, म्हणून दूध पांढरं दिसतं.

आकार कोण ठरवतो?

रेणूचं डोकं मोठं असेल, तर पाण्यात तेलाचे थेंब तयार होतात. शेपूट जाड असेल, तर तेलात पाण्याचे. दोन्ही तुल्यबळ असतील, तर तेल आणि पाणी स्पंजसारखे एकमेकांत गुंततात. मात्र थेंब लहान म्हणजे एकूण पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे सर्फॅक्टंटही भरपूर लागतो.

औषधात हे का महत्त्वाचं?

सायक्लोस्पोरिन हे अवयव प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं औषध पाण्यात फारसं विरघळत नाही. अमेरिकेत 1983 मध्ये मान्यता मिळालेल्या ‘सँडिम्युन’चं पोटात शोषण पित्तरसावर आणि जेवणावर अवलंबून असे. त्यामुळे रक्तातलं प्रमाण कमी-जास्त होई. कमी पडलं, तर शरीर नवा अवयव नाकारण्याचा धोका. जास्त झालं, तर मूत्रपिंडाला इजा.

1995 मध्ये मान्य झालेल्या ‘निओरल’मध्ये एरंडेलापासून बनवलेला सर्फॅक्टंट असतो. पोटातल्या पाण्याशी गाठ पडताच मायक्रोइमल्शन तयार होतं आणि औषध जास्त प्रमाणात, अधिक एकसारखं शोषलं जातं.

म्हणूनच औषध एकच आणि मिलिग्रॅमही तेवढेच असले, तरी ही दोन उत्पादनं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकमेकांऐवजी घेता येत नाहीत. फरक औषधाच्या रेणूत नाही, त्याला पोटात वाहून नेणाऱ्या थेंबात आहे.