बंद पडला म्हणजे मेला नव्हे

जुलैतला रविवार, रात्रीचे साडेनऊ. बाहेर पावसाची झड लागलेली आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या घरातले दिवे दोनदा जाऊन आलेले. मुलीला दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रकल्पाचा अहवाल द्यायचा होता आणि लॅपटॉपचे बटण दाबावे तर यंत्र ढिम्म! ती रडकुंडीला आली. माझ्या पोटात गोळा आला तो मात्र वेगळ्याच कारणाने. माझ्या आईने शेवटच्या आजारपणात म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या त्याच लॅपटॉपमध्ये होत्या, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

अशा वेळी घरोघरी तज्ज्ञ उगवतात. शेजारच्या काकांनी दारातूनच निकाल दिला, 'मदरबोर्ड उडाला. आता नवाच घ्या!'

पुण्याला हे दुखणे तसे जुने. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागलेले कैलास काटकर १९९०च्या दशकात पुण्यातच संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी संगणकांचे दुखणे यंत्रात नसे, विषाणूत असे. त्या काळचे काही विषाणू फ्लॉपीवरून शिरत आणि संगणक सुरू होताना डिस्कचा जो पहिला भाग वाचतो, नेमके तिथेच दडून बसत. १९९२ साली गाजलेला 'मायकेलअँजेलो' त्यातलाच. ६ मार्चला संगणक चालू केला की तो डिस्कवरची माहिती पुसून टाकी. संजय यांनी विषाणू काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातूनच 'क्विक हील' उभे राहिले. सांगायचा मुद्दा हा, की सुटा भाग बदलण्याआधी कारण शोधावे.

ते शोधायचे बाहेरून आत. आधी भिंतीवरचा सॉकेट दुसरे काही लावून तपासावा, मग अ‍ॅडॅप्टर आणि त्याची पिन. लॅपटॉपचा एकही दिवा लागत नसेल, तर अ‍ॅडॅप्टर काढावा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढावी आणि चालू करायचे बटण तीस सेकंद दाबून धरावे. आत अडकून राहिलेला विद्युतभार त्याने निघून जातो. मग अ‍ॅडॅप्टर लावून पुन्हा बटण दाबावे.

दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडदा काळाच? मग यंत्र जिवंत आहे. पडद्यावर बॅटरीचा झोत तिरका टाकून पाहावा. पुसट चित्र दिसले तर दोष पडद्यामागच्या उजेडाचा. लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडला तरी हे कळते. ठरावीक 'बीप' वाजत असतील, तर बहुधा मेमरीची तक्रार असते. डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला, तर आधी लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढावा. कधीकधी तेवढ्यानेच भागते.

तीन प्रसंगी मात्र हात आवरावा. बॅटरी फुगली असेल, आत पाणी गेले असेल किंवा डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. यंत्र सरळ जाणकाराकडे न्यावे. नेताना एक वाक्य विसरू नये: 'आधी आतली माहिती वाचवा, मग दुरुस्ती.' 'फॉरमॅट करून देतो' या शब्दांना घाईने मान डोलावली, की यंत्र परत मिळते आणि माहिती जाते. लॅपटॉप बाजारात मिळतो, आतले मिळत नाही.

आमचे काय झाले? सॉकेट ठीक, अ‍ॅडॅप्टर ठीक. मग मुलीने बटण दाबून धरले आणि मी घड्याळाकडे पाहत तीस सेकंद मोजले. एवढे लांब तीस सेकंद मी कधी अनुभवले नव्हते. अ‍ॅडॅप्टर पुन्हा लावला, बटण दाबले आणि पडदा उजळला!

'बाबा, आधी अहवाल की आजी?' मुलीने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच ओव्या पेनड्राइव्हवर उतरवायला घेतल्या. अहवाल रात्री दीड वाजता पुरा झाला. तो पेनड्राइव्ह आता देवघराच्या खणात असतो, दुसरी प्रत बहिणीकडे नाशिकला आहे. वाचकहो, तुमचा लॅपटॉप आज सुरळीत चालू असेल, तर हे काम आजच उरका.