अंतर किती मीटरचे?

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी ओझर नावाचे गाव आहे. अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे हे स्थान. चतुर्थीला येथे भाविकांची रीघ लागते. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि राज्यातील इतर देवळांप्रमाणे याचेही दरवाजे बंद झाले. ते १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याला उघडले (पुढच्या वर्षी पुन्हा काही महिने बंद झाले, ते वेगळे). शाळांची कुलपे मात्र अधिक चिवट निघाली. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झाले. म्हणजे सुमारे वीस महिने! तुमच्यापैकी कित्येक जण तेव्हा याच वर्गांत असतील.

या काळात घरोघरी एकच तक्रार होती : पोर चिडचिड करते, आईचा पदर सोडत नाही, एका जागी लक्ष म्हणून लागत नाही. चीनमधील शान्शी प्रांतात फेब्रुवारी २०२० मध्ये ३२० मुलांची पाहणी झाली, तिच्यातही हीच लक्षणे आढळली. मग ही मुले हट्टी झाली होती, की आणखी काही कारण होते?

आधी अंतराचे पाहू. आपण बोलतो, खोकतो तेव्हा तोंडातून थेंब उडतात. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर पडतो, म्हणून सहा फुटांचा नियम आला. त्याहून पुष्कळ बारीक कण हवेत बराच वेळ तरंगतात, म्हणून मोकळी हवा आणि मुखपट्टी हवी. म्हणजे विषाणूला अडवणारे अंतर मीटरमध्ये मोजायचे असते. त्याला ‘सामाजिक अंतर’ म्हणणे मला तरी पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द वापरायला सुरुवात केली होती.

शब्दाचा एवढा कीस कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्याचे उत्तर अमेरिकेतील एका प्रयोगात आहे. साथीपूर्वी केलेला हा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस प्रौढांना एक दिवस दहा तास एकटे ठेवले. फोनसुद्धा नाही. दुसऱ्या एका दिवशी त्यांना दहा तास उपाशी ठेवले. नंतर मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपणाऱ्या यंत्रात झोपवून चित्रे दाखवली. उपाशी माणसाला अन्न दिसताच मध्यमेंदूतील जो भाग उत्तेजित झाला, तोच भाग एकट्या राहिलेल्या माणसाला हसती-खेळती माणसे दिसताच उत्तेजित झाला. सोबतीचीही भूकच असते! आणि भुकेले मूल किरकिरणारच. त्याला ‘शहाण्यासारखा वाग’ म्हणून काय उपयोग?

मग ही भूक लांबून भागते का? विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये सात ते बारा वर्षांच्या ६१ मुलींना अनोळखी माणसांसमोर भाषण करायला आणि गणिते सोडवायला लावले. साहजिकच सगळ्या घाबरल्या. त्यानंतर काहींना आई भेटली, काहींना आईचा फक्त फोन आला, तर काहींना पेंग्विनांचा चित्रपट दाखवला. मुलींची लाळ आणि लघवी तपासली, तेव्हा असे दिसले की फोनवर आईचा आवाज ऐकलेल्या मुलींमध्येही ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल उतरले आणि जिव्हाळ्याशी संबंधित ऑक्सिटोसिन वाढले. जवळजवळ प्रत्यक्ष भेटीइतकेच.

खरी गंमत पुढेच आहे. २०१२ मध्ये याच गटाने आईला फोनऐवजी लेखी संदेश पाठवायला सांगितले. त्या मुलींचे कॉर्टिसॉल आईशी काहीच संपर्क नसलेल्या मुलींइतकेच चढे राहिले!

असे का व्हावे? ‘मी बरा आहे’ हे लिहिले, तर अक्षरे रोज सारखीच दिसतात. बोलताना मात्र स्वरतंतूंवरील ताण बदलतो, त्याबरोबर कंपनांची वारंवारता बदलते, श्वास अडखळतो. जुना साधा दूरध्वनी सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांच्या दरम्यानचेच ध्वनी वाहून नेत असे. पण एवढ्यातूनही पलीकडची आई विचारते, ‘काय रे, आवाज का असा?’