भुईनासपतीचा प्रवास

आज बटाट्याच्या नावाची गोष्ट सांगते. ही गोष्ट जर्मनी आणि रोमानियातली आहे.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १६ व्या शतकात तो युरोपात पोचला. जमिनीत वाढणाऱ्या या नव्या कंदाला म्हणायचं काय? लोकांनी ओळखीच्या वस्तूंवरून नावं पाडली. आपण भुईमूग म्हणतो ना, अगदी तसंच.

इटलीत जमिनीखाली एक महागडी अळंबी मिळते, तिच्या नावावरून जर्मन लोकांनी 'टार्टुफेल' म्हटलं. बोलता बोलता त्याचं 'कार्टोफेल' झालं. पुस्तकी जर्मनमध्ये आज हाच शब्द आहे. पण ऑस्ट्रियाच्या बाजारात 'एर्डआपफेल' म्हणतात, म्हणजे भुईसफरचंद. आणि जर्मनीच्या पश्चिमेकडच्या पाल्झ भागात 'ग्रुंडबिर्न', म्हणजे भुईनासपती. हा शब्द जरा लांबलचक. तिथल्या लोकांनी तो झिजवून 'ग्रुम्बेर' केला. आता ऐकणाऱ्याला त्यात नासपती सापडायचीसुद्धा नाही!

१८ व्या शतकात ऑस्ट्रियाच्या राज्यकर्त्यांनी बानात नावाच्या प्रदेशात जर्मन शेतकरी वसवले. युद्धांनी ओस पडलेली जमीन कसायला माणसं हवी होती. ही कुटुंबं उल्म गावाहून डॅन्यूब नदीतून होड्यांनी निघाली. त्यांत पाल्झकडचेही पुष्कळ होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही गेली.

बानातचा मोठा भाग आज रोमानियात आहे. रोमानियाच्या पुस्तकी भाषेत बटाट्याला 'कार्तोफ' म्हणतात, तो सरळ जर्मन कार्टोफेलवरून आला. पण बानातच्या खेड्यांत 'क्रुम्पिर' असा शब्द ऐकू येतो. ती आपली भुईनासपतीच! हंगेरीत तिचंच 'क्रुम्प्ली' झालं. म्हणजे एका देशात बटाट्याला दोन नावं, दोन्ही जर्मन, एक पुस्तकातलं, एक शेतातलं. शेतातल्याला कुणी अशुद्ध म्हणू नये, त्याचं घराणंही तितकंच जुनं आहे.

आपला 'बटाटा' पोर्तुगीजांनी आणला. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतला तो शब्द, आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडे 'बटाटा' म्हणजे रताळं!

बानातमधले बहुतेक जर्मन पुढे जर्मनीला परत गेले. १९८९ नंतर तर गावंच्या गावं रिकामी झाली. शेजारच्या रोमानियन घरांत मात्र अजून क्रुम्पिर सोलले जातात.